प्रोजेक्टर म्हणजे मोठा टीव्ही नव्हे

“चित्र पांढुरकं येते, प्रोजेक्टर खराब निघाला.” लग्नसराईनंतर नवा प्रोजेक्टर घेतलेल्या घरांतून हे हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा प्रोजेक्टर चांगला असतो, खोली उजेडाची असते.

टीव्ही सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा उजेड पडद्यातून थेट डोळ्यात येतो. प्रोजेक्टर उजेड भिंतीवर टाकतो आणि भिंत तो परत पाठवते. पण खरी गोम काळ्या रंगात आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, कारण काळं म्हणजे उजेड नसणं. टीव्ही बंद केला की पडदा काळा दिसतो. प्रोजेक्टर बंद केला की समोर पांढरी भिंत उरते. त्या क्षणी ती भिंत जेवढी उजळ, त्याहून काळं काहीही चित्रात दिसणार नाही. दुपारी टिनाच्या फटीतून आणि कूलरच्या खिडकीतून ऊन आत आलं, की रात्रीचा प्रसंग राखाडी होणारच. जास्त उजेडाचा प्रोजेक्टर आणला तर पांढरं आणखी खुलेल, काळं जागचं हलणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे: आधी खिडक्यांना जाड गडद कापड लावा, मग प्रोजेक्टरचा भाव विचारा.

सिनेमागृहातल्या पडद्याची ठरलेली चमक फक्त 48 निट्स (निट म्हणजे पडद्याची चमक मोजायचं एकक) असते. साधा एलईडी टीव्ही 250-300 निट्सचा. तरी तिथलं चित्र भरदार दिसतं ते अंधारामुळे. घरी 1000 एएनएसआय ल्युमेन्सचा (म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीनं मोजलेल्या उजेडाचा) प्रोजेक्टर 100 इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर साधारण 115 निट्स देतो. रात्री ते भरपूर आहे. खोक्यावर नुसते ‘9000 ल्युमेन्स’ छापले असतील तर त्यावर विसंबू नका, एएनएसआय आकडा मागा. ‘4के सपोर्ट’चंही तेच: प्रोजेक्टर 4के सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ. नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे तो स्वतः किती ठिपक्यांचं चित्र उमटवतो, ते विचारा.

दिवसा मॅच आणि मालिका पाहणाऱ्या घरानं 43 किंवा 55 इंची टीव्हीच घ्यावा. रात्री आंगणात सतरंज्या टाकून सगळा मोहल्ला बसणार असेल तर प्रोजेक्टरला तोड नाही. फक्त बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत 35 ते 40 अंश तापमानाची मर्यादा असते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 ओलांडतो. ऊन पुरतं उतरू द्या, मगच लावा. कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका आणि कापसाच्या दिवसांत प्रोजेक्टरच्या जाळीवरची धूळ काढत राहा.