ॲलिसच्या बरणीचं गणित

यावल-रावेरकडच्या केळीपट्ट्यात विहिरी खोल. पाणी लागेल का, हे पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळाला कळत नाही. पण खोली किती, ते विहिरीत सोडलेला खडा साधारण सांगतो. तो पाण्यात पडेपर्यंतच्या सेकंदांचा वर्ग गुणिले पाच. दोन सेकंद लागले तर 20 मीटर, म्हणजे 65 फूट.

अशाच एका विहिरीत ॲलिस पडते. 1865 साली 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारे लुईस कॅरल, म्हणजे चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचे. पडता पडता ॲलिस कडेच्या फळीवरून मार्मालेडची बरणी उचलते. ती निघते रिकामी. टाकून द्यावी तर खाली कुणाच्या डोक्यात पडायची, म्हणून पुढच्या एका कपाटात ठेवते.

पण हवा अडवत नसेल, तर सोडलेली बरणी खाली जाणारच नाही. दोघी एकाच वेगानं पडतायत, तेव्हा ती शेजारीच तरंगेल.

करून बघा. लिटरच्या प्लास्टिक बाटलीला बुडापासून दोन बोटं वर, तापवलेल्या खिळ्यानं तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी भरा. झाकण काढूनच ठेवा. लावलंत तर आत हवा जात नाही, धार आपोआप थांबते आणि प्रयोग फसतो. धार सुरू असताना, खाली कुणी नाही ना ते पाहून, बाटली गच्चीवरून अलगद सोडा. हात झटकला तर ती गिरकी घेते आणि पाणी फेकलं जातं. तीन मीटर पडायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो, म्हणून मोबाइलवर स्लो मोशन लावा. सुटल्याबरोबर धार बंद! हातात होती तोवर वरचं पाणी खालच्यावर रेटत होतं, त्या दाबानं पाणी भोकातून बाहेर पडत होतं. आता सगळेच थर बाटलीसकट सारखे पडतायत. कोण कुणाला रेटणार?

'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं' हे म्हणूनच चूक. 400 किलोमीटर उंचीवर ते जवळपास नऊ दशांश शिल्लक असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण यानासकट पडत असतात. पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवत नाही, हे आइनस्टाइनला सुचलं 1907 मध्ये.

मग कॅरल चुकले? थांबा. मोकळं पडताना तीन सेकंदांत वेग ताशी 106 किलोमीटर होतो. त्या वेगात फळीवरची बरणी धरायला गेलं तर मनगट जाईल. ॲलिस मात्र आरामात उचलते, आरामात ठेवते. विहीर फार खोल असेल किंवा ती फार सावकाश पडत असेल, असं कॅरल आधीच लिहून ठेवतात. गोष्ट कितीही अजब असो, तिच्या आतला तर्क पक्का. मुलांना नेमकी हीच गंमत कळते. सावकाश पडतेय म्हणजे हवेनं तिला तोलून धरलंय. मग आकाराच्या मानानं जड असलेली बरणी सुटली की तिच्या पुढे पळणार, आणि खाली कुणी असलंच तर त्याच्या टाळक्यात बसणार.