हिवाळी सुप्तावस्था (बोनसाय)

कडक हिवाळ्याच्या प्रदेशात कुंडीतला बोनसाय पानगळीपासून वसंतात कळ्या फुगेपर्यंत वाढ थांबवून जी विश्रांती घेतो ती. बोनसायाची सुरुवात करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. छाटणी किंवा तार बांधणे चुकले तर पुढे सुधारता येते. हिवाळा चुकला तर झाडच जाते.

‘बोनसाय’ हा जपानी शब्द असून तो चिनी ‘पेन्त्साय’ या शब्दावरून आला. पहिल्या पदाचा अर्थ उथळ तबक, दुसऱ्याचा लावणी. मराठीत ‘वामनवृक्ष’ हा पर्यायही रूढ आहे. ही कला मूळची भारतीय असून औषधी झाडे कुंडीत खुजी राखणाऱ्या वैद्यांपासून ती निघाली, असे मत अधूनमधून मांडले जाते. मात्र त्यासाठी ठोस समकालीन पुरावा पुढे केला जात नाही. याउलट चीनमधील शेन्शी प्रांतात युवराज चांगह्वाय यांच्या थडग्यात, इ. स. ७०६ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात, सेवकाच्या हाती तबकातील दगड आणि लहान झाडे दिसतात. ती झाडे घडवलेली होती की नुसती लावलेली, हे चित्रावरून ठरत नाही. जपानमध्ये १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेंकी’ या चित्रगुंडाळीत तबकातील झाडे आढळतात. त्यामुळे उगम चीनमध्ये आणि परिपोष जपानमध्ये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जपानमध्ये या कलेला मानाची ठरलेली झाडे, म्हणजे पाइन, मेपल, ज्युनिपर, थंडी सोसणारीच आहेत, हेही लक्षात घ्यावे.

दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की झाड कळ्या मिटून घेते. नंतर ठरावीक काळ थंडी मिळाल्याखेरीज त्या नीट फुटत नाहीत. ही गरज साधारणतः ० ते ७ अंश सेल्सिअसमधील तासांत मोजतात. जातीनुसार ती फार बदलते. थंडीत खरा धोका मुळांना असतो. जमिनीतल्या झाडाच्या मुळांवर मातीचे जाड पांघरूण असते, बोनसायाच्या मुळांभोवती चार बोटे मातीही नसते. शिवाय कुंडी गोठली की मुळांना पाणी घेता येत नाही, पण सदाहरित झाडाची पाने वाऱ्याने सुकतच राहतात. असा ज्युनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसतो. सालीवर नखाने हलकेच खरवडून आत ओलसर हिरवा थर दिसला, तर तो भाग जिवंत आहे.

म्हणून कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरतात व वर पालापाचोळा घालतात, किंवा झाड गरम न केलेल्या शेडमध्ये ठेवतात. पाणी कमी देतात, पण मातीचा गोळा कोरडा पडू देत नाहीत. हीटरच्या उबदार खोलीत ठेवलेल्या झाडाची विश्रांतीच बुडते. कुंडी बदलणे हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुगू लागताना.

ठाणे व नवी मुंबईत ही अवस्था जवळपास येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १५ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. हौसेने आणलेला जपानी मेपल येथे विश्रांतीवाचून क्षीण होत जातो. चिनी एल्म मात्र थंडीत पानगळी, उष्ण हवेत जवळजवळ सदाहरित, असे दोन्हीकडे जुळवून घेतो. येऊरच्या डोंगरात साग, पळस, सावर निष्पर्ण होतात, त्यामागचे मुख्य कारण थंडी नसून जमिनीतली ओल आटणे हे आहे.

येथल्या नवख्याला योग्य झाडे म्हणजे वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल. इमारतींच्या पॅरापेटच्या भेगांत रुजलेली वडा-पिंपळाची रोपे पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीत उपटून टाकली जातात. मुळांसकट निघालेले असे रोप, विटांचा चुरा मिसळलेल्या पाणी झिरपणाऱ्या मातीत लावले तर जूनच्या पावसात सहसा जीव धरते. ग्रिलमधल्या अशा पिंपळाची पाने पुढे एखाद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी पडून गळाली, तर तो मेला असे समजून फेकू नये. लवकरच त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते.