वाडीवरच्या घरासाठी सोलर: बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्यूज घेण्याआधी

"किती केव्हीएचा इन्व्हर्टर बसवू?" हा प्रश्न आमच्या दुकानात सगळ्यात आधी येतो, आणि त्याचं उत्तर जवळजवळ शेवटी द्यायचं असतं. आधी रोजची युनिटं मोजायची, त्यावरून बॅटरी ठरवायची, मग इन्व्हर्टर (बॅटरीतली डीसी वीज घरात लागणाऱ्या एसीत बदलणारा), आणि प्रत्येक केबलच्या जाडीप्रमाणे तिचा फ्यूज. क्रम उलटला की एक तर पैसे फुकट जातात, नाही तर आषाढात घर अंधारात बसतं. ज्यांच्या घरापर्यंत लाइन आलेलीच नाही, किंवा आली असली तरी पावसाळ्यात तिचा भरवसा नाही, अशा कोकणातल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

अनुदानाबद्दल आधीच सांगून टाकतो. पीएम सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान लाइनला जोडलेल्या यंत्रणेला मिळतं. निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या ऑफ-ग्रिड यंत्रणेला मिळत नाही. मात्र बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइन गेली की स्वतःहून बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी बॅटरी नसलेले पॅनेल काही कामाचे नसतात.

युनिटांचा हिशेब

एक साधं घर घेऊ. नऊ वॅटचे चार एलईडी पाच तास, तीस वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास, टीव्ही तीन तास, राउटर आणि मोबाइल चार्जर, एक छोटा फ्रिज, सकाळी दहा मिनिटं मिक्सर. सगळं मिळून दिवसाला साधारण १.९ युनिट होतात. त्यात फ्रिज एकटाच ०.७ युनिट खातो. पंखे जुन्या पद्धतीचे, ७५ वॅटचे असतील तर त्यांचे ०.६ चे दीड युनिट होतात. म्हणून आम्ही आधी पंखे बदलायला सांगतो. आमची एक बॅटरी कमी विकली जाते, पण हिशेब खरा आहे.

आता यादीत कुणीच न लिहिणारी गोष्ट. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतः वीज खातो. तीस वॅट खाणारा इन्व्हर्टर चोवीस तासांत ०.७ युनिट गिळतो, म्हणजे अख्ख्या फ्रिजइतकी वीज! गरजेपेक्षा दुप्पट मोठा इन्व्हर्टर "असू दे, पुढे लागेल" म्हणून घेतला की बहुतेक वेळा हा आकडाही वाढतो. घेण्यापूर्वी माहितीपत्रकात 'नो लोड' किती वॅट लिहिलंय ते बघा. लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा.

म्हणजे आपल्या घराला रोज २.६ युनिट हवीत. ढगाळ दिवस निभवायचा तर एवढी वीज बॅटरीतून निघाली पाहिजे.

ट्युब्युलर की लिथियम

ट्युब्युलर म्हणजे पाणी घालावी लागणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. पण ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी ०.९ युनिटच. २.६ युनिटांना तीन बॅटऱ्या जेमतेम पुरतात आणि २४ व्होल्टच्या यंत्रणेला (२४ का, ते पुढे येतं) त्या जोडीनेच लावाव्या लागतात, म्हणून चार. लिथियममध्ये (आम्ही फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट बसवतो) ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. २५.६ व्होल्ट, १५० एएचचा एकच पॅक ३.८ युनिटांचा, त्यातले तीन वापरायला मिळतात.

ट्युब्युलर घ्यायची तर तिच्यावर 'सी१०' लिहिलंय का ते पाहा. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुधा 'सी२०' असतात. दोन्हींवर १५० एएचच छापलेलं असतं, पण पहिलीची क्षमता दहा तासांत उतरवून मोजलेली असते आणि दुसरीची वीस तासांत. दहा तासांत उतरवली तर दुसरी १५० देणार नाही. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली बॅटरी बहुतेकदा ही दुसरीच असते.

कोणती निवडायची? घरात बारा महिने माणूस असेल, महिन्याला पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घालणारं कुणी असेल, तर ट्युब्युलर वाईट नाही. पहिला खर्च कमी येतो. (आरओचं पाणी चालत नाही. कितीही गोड लागलं तरी नाही.) पण घर मुंबईकरांचं असेल, गणपतीला उघडून पुन्हा शिमग्यालाच उघडणारं, तर आमचा सल्ला सरळ लिथियमचा. बंद घरात महिनोन्‌महिने कमी चार्जवर पडलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी परत येत नाही. शिवाय अ‍ॅसिड भरलेली १५० एएचची उंच ट्युब्युलर पन्नास-साठ किलो भरते. पाणंदीतून चार बॅटऱ्या उचलून आणणाऱ्याला विचारा.

जागेचंही तसंच. पत्र्याखालच्या माळ्यावर बॅटरी ठेवू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून बंद कपाट नको आणि वर देवाचा दिवा तर नकोच. आणि जुनी बॅटरी नवीला जोडून चालवायची नाही. जुनी नवीला आपल्या वाटेने नेते.

इन्व्हर्टर

प्युअर साइन वेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो, फ्रिजची मोटर तापते. आपल्या घरात मिक्सर, फ्रिज, पंखे सगळं एकदम चालू झालं तर ८०० वॅटच्या आत बसतं. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सात पट ओढतो. म्हणून १.५ केव्हीए. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे: १.५ केव्हीएचा इन्व्हर्टर बऱ्याचदा १२०० वॅटच देतो, तेव्हा वॅटचा आकडा वाचा.

विहिरीवरचा एक एचपीचा पंप याच इन्व्हर्टरवर चालेल का? नाही. सुरू होतानाच तो इन्व्हर्टरला खाली बसवील. पंपासाठी वेगळा सोलर पंप बघा. गीझर आणि इंडक्शनचं नावही काढू नका.

२४ व्होल्ट का, याचं कारण केबलमध्ये आहे. १२०० वॅट २४ व्होल्टवर काढताना, इन्व्हर्टरमधलं नुकसान आणि उतरलेली बॅटरी धरून, सुमारे ६४ अँपिअर वाहतात. तेच १२ व्होल्टवर १२८ होतात, मग केबल ५० चौरस मिलिमीटरची लागते. तांब्याचा भाव माहीतच आहे.

फ्यूज, जिथे सगळे काटकसर करतात

फ्यूज उपकरणाला वाचवतो असं बहुतेकांना वाटतं. तो आधी केबलला वाचवतो. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. फ्यूज नसेल तर केबल लाल होते आणि शेजारचं लाकूड पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला चिकटून हवा, इन्व्हर्टरपाशी नव्हे. मधली केबल उंदराने कुरतडली तर पलीकडच्या फ्यूजला कळणारही नाही.

माप असं: सततचा करंट सव्वापट. ६४ चे ८०. मग केबल ८० अँपिअर सहज वाहणारी हवी, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर तांबं. ४० अँपिअरच्या एमपीपीटी कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा) बॅटरीपर्यंत वेगळा ५० चा फ्यूज आणि १६ चौरस मिलिमीटर केबल. फ्यूज उडाला म्हणून त्याच केबलवर पुढच्या मापाचा बसवणं म्हणजे केबललाच फ्यूज करणं.

घरातला साधा एसी एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) इथे चालत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणत राहते आणि एमसीबी आतून वितळतो. डीसी एमसीबी घेतला तरी त्यावर बारीक अक्षरात प्लस-मायनसच्या खुणा आहेत का ते बघा. असतील तर उलटा जोडून चालत नाही. उलटा जोडलेलाही रोज व्यवस्थित चालू-बंद होतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. दगा देतो तो नेमका शॉर्टच्या वेळी. जुन्या, चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार गुंडाळून बॅटरीवर लावलेली दिसली तर आम्ही ती आधी काढतो आणि मग बोलतो.

फ्यूजवर डीसी व्होल्टेज आणि किती किलोअँपिअर तोडू शकतो ते छापलेलं हवं. लिथियमसाठी टी-क्लास फ्यूज चांगला, तो २० किलोअँपिअरपर्यंत तोडतो. ऑनलाइन मिळणाऱ्या, काहीच न छापलेल्या चमकदार फ्यूजवर घर सोपवू नका.

पॅनेलकडे मात्र खर्च वाचतो. आपल्या घराला ५४० वॅटचे दोन पॅनेल पुरतात. ते पॅरलल जोडले तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज लागत नाही. तिसरा आला की लागतो. डीसी आयसोलेटर (पॅनेल तोडायचा स्विच), सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत घालवणारा) आणि नीट अर्थिंग मात्र हवंच, मे-जूनच्या विजा इथे कुणाला नव्या नाहीत. हेच दोन सिरीजमध्ये जोडले तर मोकळा (काहीच लोड नसतानाचा) व्होल्टेज शंभराच्या आसपास जातो आणि थंडीच्या सकाळी आणखी वाढतो. १०० व्होल्टचा कंट्रोलर त्यात जळू शकतो.

लख्ख दिवशी हे पॅनेल तीन-चार युनिट देतात. जुलैच्या झडीत एक मिळालं तरी नशीब. तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद करायची तयारी ठेवा किंवा छोटा जनरेटर ठेवा. "बारा महिने फुल" असं आम्ही कुणालाही लिहून देत नाही. माडाची सावली दुपारी पॅनेलवर येत असेल तर तेही आधीच सांगा.

बसवल्यानंतर महिन्यातून एकदा एवढंच बघा: लग्जभोवती (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्यांभोवती) काळपटपणा किंवा केबलचं कातडं मऊ झालेलं दिसलं, तर तो जोड सैल आहे. टोकांवर हिरवी-पांढरी पूड धरली असेल (खाऱ्या वाऱ्यात लवकर धरते) तर यंत्रणा बंद करून पुसा आणि पेट्रोलियम जेली लावा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खिडक्या उघडा, चार्जिंग बंद करा आणि आम्हाला फोन करा. स्वतः पाना लावू नका.

दुकानात येताना फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांच्या मागच्या पट्टीचे फोटो, छपराचा दुपारी बाराचा एक फोटो आणि बॅटरी ठेवायच्या जागेपासून इन्व्हर्टरपर्यंतचं अंतर फुटांत लिहून आणा. हिशेब तुमच्यासमोर कागदावर करून देतो, त्याचे पैसे नाहीत. तो कागद घेऊन दुसरीकडे खरेदी केलीत तरी चालेल, फक्त फ्यूजची ओळ खोडू नका.