नेत्यांच्या दौऱ्यातील सुरक्षाक्षेत्र (कोकण)

राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री आदींच्या संरक्षणासाठी सामान्यांना प्रवेशबंदी केलेला परिसर. अमेरिकेत अशा जागेत विनापरवाना शिरणे हा स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे. भारतात तसा एकच कायदा नाही. १९८८ च्या विशेष संरक्षण गट कायद्यानुसार राज्य शासन व स्थानिक यंत्रणांनी पंतप्रधानांच्या सुरक्षा दलाला साहाय्य करायचे असते. लोकांचा रस्ता अडतो तो मात्र बहुधा स्थानिक मनाई आदेशाने.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात हा आदेश जिल्हादंडाधिकारी काढतात, मुंबईत पोलीस आयुक्तालय. आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, बोलण्यात अजून तेच) किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा. कलम ३७ ची जमावबंदी शासनाच्या मंजुरीविना १५ दिवसांपुढे चालत नाही.

कोकणात खरी अडचण भूगोलाची. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अनेक गावांना धड रस्ता एकच. ताफ्यासाठी तो बंद झाला की एसटी, बाजार, जेट्टी सगळेच खोळंबते. शिवाय किनारा उघडा. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनासाठी पंतप्रधान मालवणात आले, तेव्हा राजकोट किल्ला आणि तारकर्लीची पुळण ही दोन्ही कार्यक्रमस्थळे पाण्यालगतचीच होती. अशा ठिकाणी बंदोबस्त जमिनीवर संपत नाही. सागरी पोलीस, तटरक्षक दल आणि नौदल यांचा मेळ घालावा लागतो. आकाशासाठी ड्रोन नियम, २०२१ आहेत: पोलीस अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एका वेळी कमाल ९६ तासांसाठी तात्पुरते लाल क्षेत्र, म्हणजे ड्रोन उडवण्यास मनाई असलेला भाग, जाहीर करू शकतो.

आंदोलनाचा इशारा देणाऱ्यांना दौऱ्याआधी पोलिसांकडून गुन्हा रोखण्यासाठीची '१४९ ची नोटीस' मिळते. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८. त्यापुढची पायरी त्याच संहितेच्या कलम १७० खालील प्रतिबंधात्मक अटक, कमाल २४ तासांची, अन्य कायद्याचा आधार नसेल तर.

आदेशभंगाला भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते, पण नुसते हद्दीत सापडणे त्याला पुरत नाही. आदेश माहीत असून तो मोडला आणि त्यातून अडथळा, इजा किंवा त्याचा धोका उद्भवला, हे दाखवावे लागते. न्यायालयही संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय दखल घेत नाही. म्हणून आदेशाची प्रसिद्धी ही केवळ औपचारिकता नव्हे. काश्मीरमधील निर्बंधांवरील अनुराधा भसीन खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत, त्यात कारणे नमूद असावीत आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरू नयेत, असे बजावले.