दहशतवादाच्या कारणावरून ब्लॉक झालेल्या वेबसाइटचा आदेश कसा मागायचा?

डिसेंबर २०१४ मध्ये आयसिसचा प्रचार रोखण्यासाठी एटीएसच्या मागणीवर मुंबईच्या न्यायालयाने आदेश दिला आणि देशभर ३२ वेब पत्ते बंद झाले. त्यात गिटहब (प्रोग्रामरांची कोड साठवायची साइट) आणि इंटरनेट अर्काइव्ह (जुन्या वेबपानांचा संग्रह) हेही सापडले. मे २०२३ मध्ये दहशतवादी वापरतात म्हणून १४ मेसेजिंग अ‍ॅप बंद झाली. अशी बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली येते, म्हणजे साइट बंद करायला लावण्याचा केंद्र सरकारचा अधिकार.

आधी बंदी कोणाची ते पाहा. साइट दोन-तीन कंपन्यांच्या नेटवर उघडून प्रत्येक वेळी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. पायरसीच्या दाव्यात न्यायालयाने बंद केलेली साइटही तशीच दिसते, पण तिथे ६९अ चा संबंध नसतो.

अर्ज कोण, कुठे? माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे, त्यामुळे संस्थेच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावाने अर्ज करा. परदेशात असाल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर चालते. अर्ज इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून करायचा. महाराष्ट्राचे पोर्टल वेगळे आहे, तिथे टाकू नका. सर्ट-इनलाही (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) पाठवू नका. नोव्हेंबर २०२३ पासून ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ च्या सूट यादीत आहे. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, शुल्क माफ. मजकूर ५०० शब्दांत बसवा.

काय मागायचे? खरी मेख इथेच आहे. "साइट का बंद केली?" असे विचारले की "खुलासा देणे बंधनकारक नाही" असे उत्तर येते. म्हणून कागद मागा: आदेशाची प्रत, २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतील नियम ८ ची (साइटवाल्याला द्यायची) नोटीस, बंदीची मागणी तपासणाऱ्या समितीच्या बैठकीची तारीख, नियम १४ नुसार पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष. तातडीच्या नियम ९ खाली बंदी असेल तर सुनावणी आधी होत नाही, पण ४८ तासांत प्रकरण समितीपुढे जावे लागते. ती नोंदही मागा.

उत्तराची मुदत ३० दिवस. बहुतेक वेळा नकारच येतो: ब्लॉकिंग नियमांतील नियम १६ ची गोपनीयता आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेचे कारण. नकार आला तरी तो लेखी हवा, पुढे तोच कामाला येतो. ३० दिवसांत पहिले अपील करा (केंद्रात शुल्क नाही) आणि दोन मुद्दे घाला. कलम २२ नुसार माहिती अधिकार कायदा विसंगत तरतुदींवर वरचढ ठरतो. आणि कलम १० नुसार गोपनीय भाग झाकून बाकीचा देता येतो. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे थांबावे लागते, महिने जातात.

साइट तुमचीच असेल तर आयोगाची वाट पाहत बसू नका. श्रेया सिंघल निकालात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयाने ६९अ कायम ठेवले, पण कारणे लेखी असतात म्हणून रिट याचिकेत आव्हान देता येते, असेही म्हटले. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका उपहासात्मक हुंडा-कॅल्क्युलेटरच्या निर्मात्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला मंत्रालयाला सांगितले. उच्च न्यायालयातल्या अशा याचिकेला (राज्यघटनेचा अनुच्छेद २२६) डोमेन नोंदणीची पावती, स्क्रीनशॉट, आरटीआय अर्ज, नकाराचे पत्र आणि प्रतिज्ञापत्र लागते. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे अधिकारपत्र आधीच घेऊन ठेवा.