जावरचे जस्त, कोकणातला पत्रा

किनाऱ्यालगतच्या घरावरचा पत्रा आधी पांढरट, मळकट होतो, मग कडांना तांबूस पडतो. तांबूस रंग लोखंडाच्या गंजाचा. पांढरटपणा मात्र जस्ताचा. लोखंडाच्या वाट्याची झीज तोवर जस्ताचा मुलामा सोसत असतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून ओरखडा गेला तरी आजूबाजूचे जस्तच आधी झिजते. नौकेच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात तेही याचसाठी.

हे जस्त कोकणच्या जमिनीतले नाही. आपल्या जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. त्यात जस्ताचे साठे नाहीत. सिंधुदुर्गातल्या रेडीचे लोखंड निघते ते निराळ्या, फार जुन्या खडकांतून. देशातले जस्त मुख्यतः राजस्थानचे.

उदयपूरजवळच्या जावरमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही खाणी होत्या. पण खरे कौतुक तिथल्या भट्ट्यांचे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि कोळशाच्या साहाय्याने खनिजातून सुटे व्हायला त्याहून जास्त उष्णता मागते. म्हणजे धातू बाहेर पडतो तोच वाफ होऊन, आणि गरम वाफेला हवा लागली की पुन्हा त्याचे भस्म! जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवल्या, एका भट्टीत 36. माल सांडू नये म्हणून तोंडात काडी खोचलेली. ती जळाली की वाफेला वाट मोकळी. वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरे आणि तिथे जस्त जमे. विल्यम चॅम्पियनने इंग्लंडमध्ये अशाच पद्धतीचे पेटंट 1738 साली घेतले. जावरच्या भट्ट्या त्याच्या निदान तीन शतके आधीच्या. वापरलेल्या मुशी रचून तिथल्या लोकांनी घरांच्या भिंतीही उभारल्या.

1966 मध्ये हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 1977 मध्ये भिलवाडा जिल्ह्यात रामपुरा आगुचाचा प्रचंड साठा सापडला. आता खनिज बारीक दळून, पाण्यात फेस आणून वेगळे करतात. मागे राहणारा गाळ बांध घालून वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. त्यात थोडे शिसेही असते. पाणी लागते ते मुळात कोरड्या मुलखात. एवढा भार सोसून आलेले जस्त इथे खारा वारा खातो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

म्हणून पत्रा घेताना जाडीबरोबर मुलाम्याचे वजनही विचारावे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यापेक्षा 275 ग्रॅमचा पत्रा त्याच वाऱ्यात साधारण दुप्पट टिकतो. आणि रंग द्यायचा तो तांबूस डाग दिसण्याआधी.