डीएनए सेन्सर म्हणजे नेमका कुठला? जीन शोधणारा की डॅमेज पकडणारा

डीएनए बायोसेन्सर म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकातच ढकलतात, आणि तसं होणारच म्हणा, कारण सेटअप दिसायला सेम: छोटा कार्बनचा इलेक्ट्रोड, त्यावर डीएनएचा थर, व्होल्टेज हळूहळू चढवत न्यायचं आणि कुठे किती करंट येतो ते बघायचं. डीएनए इलेक्ट्रोडवर सिग्नल देतो हे एमिल पालेचेकनी चेकोस्लोव्हाकियात १९६० च्या सुमारास दाखवलं होतं, तेव्हा इलेक्ट्रोड पाऱ्याचा होता.

जीनसेन्सरचं काम सरळ आहे. एकपदरी डीएनएचा तुकडा लावायचा, सॅम्पलमध्ये त्याच्याशी जोडी जमणारा पदर असेल तर तो चिकटतो, नसेल तर धुतल्यावर निघून जातो. अमुक बॅक्टेरिया आहे का, तमुक म्युटेशन आहे का, असे प्रश्न.

डॅमेज सेन्सरला सीक्वेन्सशी सहसा देणंघेणं नसतं, साधा दुपदरी डीएनए चालतो. इथे तो काही शोधत नाही, इथे मार त्यालाच खायचाय. केमिकलमध्ये थोडा वेळ बुडवायचा, धुवायचा, आधीचा आणि नंतरचा सिग्नल शेजारी ठेवून बघायचा.

गोंधळ वाढतो तो ग्वानीनमुळे. डीएनएच्या चार बेसपैकी, म्हणजे त्याच्या चार अक्षरांपैकी, हा सगळ्यात सहज ऑक्सिडाइझ होतो (इलेक्ट्रॉन सोडतो), त्यामुळे दोन्हीकडे त्याचाच पीक, म्हणजे करंटच्या आलेखातलं टोक, वाचतात, पण अर्थ उलटा! काही जीनसेन्सरमध्ये लावलेल्या तुकड्यात ग्वानीनच्या जागी मुद्दाम इनोसिन (जोडी तशीच जमवणारा, पण ग्वानीनचा पीक न देणारा पर्याय) घालतात, मग ग्वानीनचा पीक दिसला की तो बाहेरून आलेल्या पदराचाच, म्हणजे सापडला. डॅमेजवाल्यात मात्र पीक घसरला की काहीतरी झालं.

आता हे "काहीतरी" जरा जपून घ्या, कारण थर सुटून आला तरी पीक घसरतो आणि एखादा रेणू पदरांमध्ये नुसता घुसून बसला तरी घसरू शकतो. म्हणून तसाच दुसरा इलेक्ट्रोड नुसत्या बफरमध्ये (केमिकल न घातलेल्या द्रावणात) ठेवून तुलनेसाठी कंट्रोल घ्यायचा आणि ८-ऑक्सोग्वानीनचा, म्हणजे ऑक्सिडाइझ झालेल्या ग्वानीनचा, पीक उगवतो का ते बघायचं, तो ग्वानीनच्या बराच आधी, कमी व्होल्टेजला येतो. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला की तो येतो, आणि माझ्या मते नुसत्या घसरणीपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

पण सगळं डॅमेज ऑक्सिडेशनचं नसतं ना. स्टायरीन ऑक्साइड बेसला जाऊन चिकटतं, दुपदरी रचना सैल पडते, आतला ग्वानीन उघडा पडतो, आणि ग्वानीनकडून इलेक्ट्रॉन घेणारं रुथेनियम धातूचं कॉम्प्लेक्स वापरून मोजलं तर सिग्नल चक्क वाढतो. शिवाय साधं स्टायरीन घेतलं तर डीएनएला तसा धोका दिसतच नाही, लिव्हरमधले सायटोक्रोम पी४५० एन्झाइम त्याचं ऑक्साइड करतात तेव्हा खरा त्रास सुरू होतो, त्यामुळे काही सेन्सरमध्ये डीएनएच्या थरासोबत हे एन्झाइमपण बसवलेले असतात.